संशय कोणावर नाय

रस्त्यात उभी असलेली कुठलीही सायकल दिसली की महादू पाटील तिच्यापुढे वाकत. देवापुढे माणसं वाकतात त्याहून बरंच खाली. एक गुडघा मातीत, एक हात सीटवर, मान पेडलजवळ आणि टोपी पडू नये म्हणून दुसरा हात डोक्यावर. सायकलच्या बुडाशी कंपनीने ठोकलेला नंबर असतो, तो वाचायचा. मग उभं राहून लेंग्याची माती झटकायची आणि अख्ख्या एस.टी. स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "मालक कोण हिचा?"

मालक बहुतेक वेळा तिथेच बाजूला चहा पीत असायचा.

"मी हाय पाटील. कालपण मीच होतो."

"कालचं काल झालं. पावती दाखव."

"सायकलची पावती कोण खिशात घेऊन फिरतो काय?"

"साव असंल तो फिरतो."

शहापूर तालुक्यात सायकलची पावती जपून ठेवलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. इथे सायकल घेतात, तिला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि दुकानदाराने दिलेल्या कागदात खोबऱ्याचा प्रसाद बांधून शेजाऱ्यांना वाटतात. त्यामुळे पाटलांच्या हिशेबाने तालुक्यातल्या सगळ्याच सायकली चोरीच्या होत्या. कोणाकडून चोरल्या एवढंच ठरायचं बाकी होतं.

पाटील म्हणजे आडनावाने पाटील नव्हेत. आडनाव निचिते. शेणव्याच्या पुढे टेकडीला टेकून एक लहानसं गाव आहे, त्या गावाचे ते कितीतरी वर्षं पोलीस पाटील होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोलीस पाटील हा पोलीस नसतो. त्याला गणवेश नाही, काठी नाही, पगार म्हणाल तर नाव घेण्यासारखा नाही. पण गावात मारामारी झाली, कोणाची शेळी नाहीशी झाली, ओढ्यात कोणी पाय घसरून पडलं, की सगळ्यात आधी ज्याच्या दारात जातात तो हा माणूस. वय झालं तशी सरकारने महादू पाटलांची पाटीलकी काढून घेतली. पाटलांनी ती परत दिली नाही.

"आधी पंचनामा, मग चहा," हे त्यांचं ब्रीद होतं. कोणाच्या घरी गेले तरी उंबऱ्यातूनच आत नजर फिरवायचे. "हा पंखा नवा दिसतो." "ती खुर्ची आधी त्या कोपऱ्यात होती." घरातल्या बाईला वाटायचं, पाहुणा आलाय की जप्ती. त्यांच्या स्वतःच्या बायकोने मला एकदा सांगितलं, "ताटात आमटी वाढली ना, तर विचारतात, ही वाटी आपली का? लग्न होऊन एवढी वर्षं झाली. मी बोलते, वाटी आपली, आमटी आपली, मीपण तुमचीच, जेवा आता." पोटी मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ही सगळी चौकशी एकट्या काकींच्या वाट्याला यायची. त्या ती हसून झेलायच्या.

त्या वर्षांत, म्हणजे मोबाइल नुकते फोटो काढायला लागले होते तेव्हा, शहापूरला एस.टी. स्टँडच्या जवळ माझा सायबर कॅफे होता. बोर्ड मोठा, जागा लहान. दहावी-बारावीचे निकाल लागले की जत्रा भरायची, एरवी आयटीआयचे फॉर्म आणि लोडशेडिंग यांच्यामधल्या फटीत माझा धंदा चालायचा. एका सकाळी पाटील आत आले, तिन्ही कंप्युटरांच्या मागे डोकावून बघितलं, वायरी कुठून कुठे जातात त्याची खात्री केली आणि म्हणाले, "शेठ, चोरबाजार आता ह्याच्यावर भरतो म्हणं. दाखवा."

मी आयुष्यात कोणाचा शेठ नव्हतो, पण पाटलांनी म्हटल्यावर नाही म्हणणं अवघड होतं. जुन्या वस्तू विकायच्या जाहिराती लावणारी एक वेबसाइट मी उघडली. सोफे, गॅसच्या शेगड्या, कुत्र्याची पिल्लं. पाटलांनी हात वर केला. "बाकी काय नको. फक्त सायकली."

मग त्यांनी आपली हकिगत सांगितली. पुढे ती मी इतक्या वेळा ऐकली की मला तोंडपाठ झाली. त्यांची एक सायकल होती. काळी, बावीस इंची, मागे जाड कॅरिअर. नव्वदच्या पुढच्या सालात घेतलेली आणि घेतल्यावर फार दिवस न टिकलेली, कारण एका सकाळी ती नाहीशी झाली. गावच्या पोलीस पाटलाची सायकल चोरीला जाते म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. लग्नात, बारशात, मयतीत, जिथे जातील तिथे लोक विचारत, "पाटील, सायकल सापडली काय?" वर्षानुवर्षं. ती सायकल परत मिळवणं ही पाटलांची एकच इच्छा उरली होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

सायकलची खूण मात्र अशी, की तशी दुसरी सापडायची नाही. नवी होती तेव्हा पाटील बैल बघायला मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेला गेले होते, तेव्हा सायकलही सोबत होती. आता म्हशाला जायचं म्हणजे भांड्यांच्या ओळीत गेल्याशिवाय कोणी परत येत नाही, आणि भांडं घेतलं की शेजारीच बसलेल्या माणसाकडून त्यावर नाव घालून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. मशीन घुर्रकन फिरवून तो माणूस तांब्यावर, कळशीवर नावं कोरतो. पाटलांनी त्याच्यापुढे सायकल आडवी केली आणि म्हणाले, चेनकव्हरवर नाव टाक. त्या बिचाऱ्याचा जन्म लग्नातल्या आहेराची भांडी कोरण्यात गेलेला. त्याने नाव कोरलं आणि हात थांबायच्या आत सवयीने पुढचंही कोरून टाकलं. 'म. गो. निचिते, पो. पा., यांजकडून सप्रेम भेट.'

"मी थांब थांब बोलेस्तोवर ह्याने माझी सायकल भेट देऊन टाकली," पाटील सांगायचे. "कोणाला दिली ते तेवढं लिवलं नाय. नायतर त्याच्याच घरी जाऊन आणली असती."

पोलीस स्टेशनातले एक जुने जमादार माझ्याकडे निवृत्तीच्या अर्जासाठी यायचे. पाटलांची तक्रार त्यांनीच लिहून घेतली होती. ते म्हणाले, "अहो, ह्या माणसाने कोंबडा हरवला म्हणून अख्ख्या गावाची नावं मला संशयित म्हणून दिलेली आहेत. त्यात सरपंच होता, गुरव होता, ज्याचा कोंबडा हरवला तो स्वतः होता. आणि स्वतःची सायकल गेली तेव्हा मी विचारलं, पाटील, संशय कोणावर? तर म्हणाले, संशय कोणावर नाय. मी म्हटलं, आठवून बघा. तर पुन्हा तेच. वर ती भेट लिहिलेली भानगड. भेट दिलेली वस्तू चोरीला गेली असं मी कागदावर आणू कसं?"

आम्ही दोघं यावर पोटभर हसलो.

मंगळवार आणि शुक्रवार हे पाटलांचे वार ठरले. वाल, काकड्या, कधी घरचे तांदूळ असं काहीतरी पिशवीत घेऊन यायचे, ते माझ्या टेबलाखाली ठेवायचे आणि खिडकीजवळच्या कंप्युटरसमोर बसायचे. माउसला हात लावत नसत. मी एकेक जाहिरात उघडायची, मजकूर मराठीत सांगायचा आणि त्यांनी निकाल द्यायचा.

निकाल द्यायची त्यांची पद्धत वेगळीच होती. सायकलकडे ते शेवटी बघत. आधी बघत ती सायकलमागची भिंत. "ही भिंत त्याची नाय. स्वतःच्या घराला टेकवून फोटो काढला असता तर दारात चपला दिसल्या असत्या." कोणी 'अर्जंट' लिहिलं की पाटील खुर्चीत पुढे सरकायचे. "म्हैस आटली तर माणूस अर्जंट विकतो. सायकल काय आटते?" एकाने लिहिलं होतं, परदेशी जायचंय म्हणून विकणे आहे. पाटील म्हणाले, "विमानात बसणारा माणूस सायकलचे पैसे कशाला बघतो? मेव्हण्याला देऊन जाईल." नव्या सायकलीचा भाव फार कमी असला तर चोरीची. जुन्या सायकलीचा भाव फार जास्त असला तरी चोरीची, कारण चोराला खरा भाव कुठून ठाऊक असणार?

थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो, त्यांनी एकदा खरोखरच चोरी पकडली. कल्याणची जाहिरात होती, गिअरची नवी कोरी सायकल. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाटलांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. मागच्या चाकाचं कुलूप लावलेलं होतं. खाली विकणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'चावी हरवली आहे, बाकी कंडिशन उत्तम.' जमादारांनी कल्याणला फोन लावला आणि दोन दिवसांत एका कॉलेजच्या पोरीची सायकल तिला परत मिळाली. जमादारांनी पाटलांची पाठ थोपटली. पुढे त्यांना त्याचा बराच पश्चात्ताप झाला, कारण पाटील आता मंगळवार-शुक्रवार सोडून उरलेल्या वारी त्यांच्याकडे बसायला लागले.

संशयित जाहिरातीवर फोन करायची जबाबदारी पाटील स्वतःकडे ठेवत. गिऱ्हाईक बनून बोलायचे. सायकल कधी घेतली, कुठून घेतली, घंटी कुठल्या हाताला, नंबर वाचून दाखवा. मग म्हणायचे, शहापूरला पोलीस स्टेशनसमोर चहाची टपरी आहे, तिथे सायकल घेऊन या. जो यायला तयार होईल तो साव, जो फोन ठेवेल तो चोर. आणि हे सगळं झाल्यावर, साव असो की चोर, शेवटचा प्रश्न ठरलेला. आवाज एकदम खाली आणून विचारायचे, "जेवलात का?"

मी एकदा विचारलं, हे मध्येच जेवणाचं काय? पाटलांनी मला पोलिसी खाक्या समजावून सांगितला. "शेठ, चोर सगळ्या गोष्टींची उत्तरं तयार ठेवतो. हा प्रश्न त्याला कोण विचारत नाय. मग तो गडबडतो आणि खरं बोलतो." हे मला पटलं. एकदोनदा मी ते दुसऱ्यांना माझं म्हणून ऐकवलंही.

टपरीवर बोलावण्याची युक्ती एकदाच अंगाशी आली. आसनगावच्या एका बाईंनी मुलाची तीनचाकी विकायला काढली होती. पाटलांना ती भिंत पसंत पडेना. बाई बिचाऱ्या रिक्षात ती तीनचाकी आणि मांडीवर पोरगं घेऊन आल्या. पाटलांनी तीनचाकी रस्त्यात मधोमध ठेवली आणि मुलाला लांब उभं केलं. "आता बघू. ओळखतो का?" मुलगा धावत सुटला, तीनचाकीवर बसला, हँडल छातीशी धरलं आणि असा काही रडायला लागला की टपरीवाल्याचं दूध उतू गेलं. "ओळख पटली," पाटील म्हणाले. "बाई, ही विकू नका." बाईंनी विकली नाही. जाताना पाटलांना जे बोलायचं ते बोलून गेल्या. पाटील मात्र बराच वेळ रिक्षा गेली त्या रस्त्याकडे बघत उभे होते, आणि मला वाटलं, त्यांना बाईंचं बोलणं लागलं असेल.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एका शुक्रवारी मुरबाडची जाहिरात आली. मुरबाडहून कोणी जाहिरात टाकणं हेच तेव्हा नवल होतं. फोटो मोबाइलवर काढलेला, धुरकट. पत्र्याची शेड, गोणपाट आणि एक काळी सायकल. मजकूर एका ओळीचा. मी सवयीने म्हटलं, "भिंत नाहीच इथे, पाटील. काय म्हणता?"

पाटील स्क्रीनजवळ सरकले. मी फोटो मोठा केला. चेनकव्हरवर गंजलेल्या बारीक ओळी होत्या. अक्षरं लागत नव्हती, पण पुढे तिरकी होत गेलेली ओळ दिसत होती, भांड्यांवर असते तशी. पाटलांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"फोन लावू?" मी विचारलं.

"तुमी बोला," ते म्हणाले.

पलीकडे एक बाई होती. मागे भांडी आपटल्याचे आवाज येत होते. सायकल आहे, बघायला या, पण दोननंतर या, तेव्हा जेवणाऱ्यांची गर्दी कमी होते, असं तिने सांगितलं. पाटलांनी जेवणाचा प्रश्न विचारायला खूण केली नाही. मीही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मला कॅफे बंद ठेवून त्यांच्याबरोबर जावं लागलं, कारण पंचनाम्याला पंच लागतात. "दोन लागतात ना?" मी म्हटलं. "दुसरा मी," पाटील म्हणाले. किन्हवली, सरळगाव करत एस.टी. निघाली. एरवी हा माणूस कंडक्टरलाही त्याचा बिल्ला दाखवायला लावायचा. त्या दिवशी छत्री दोन गुडघ्यांत धरून खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, चोराला समोर बघून काय काय बोलायचं त्याची तयारी चालली असेल. खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायची फार उत्सुकता होती.

मुरबाडला एमआयडीसीच्या रस्त्यावर कंपनीतल्या कामगारांसाठी खानावळी आहेत. त्यातलीच ही एक. बाईचं नाव वनिताबाई. अंगाने भरलेल्या, पदर खोचलेला, बोलताना हात थांबत नव्हता. सायकल शेडमध्ये उभी होती.

पाटील तिच्यापुढे वाकले नाहीत. नंबर बघितला नाही. चेनकव्हरवरून त्यांनी नुसतं बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"बिल-बिल काय नाय हो," वनिताबाई आतूनच म्हणाल्या. "पण चोरीची नाय. ज्याने मला दिली त्याने हेच दाखवलं. बोल्ला, ताई, बिल नाय, पण ही माझ्या भावाने मला भेट दिलेली हाय, हे बघ, त्याचं नाव लिवलंय. पोलीस पाटील हाय तो. पोलीस पाटील काय खोटं लिवून देईल?"

मी पाटलांकडे बघितलं. आता गडगडाट होणार, असं मला वाटलं. पाटील बाकावर बसले.

"नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं. आवाज फोनवरच्या शेवटच्या प्रश्नाचा होता.

"काळुराम. काळूदादा बोलायचो आमी."

"इथं जेवायचा?"

"इथंच. कितीतरी वर्षं. माझे मालक होते तेव्हापासून."

"नीट जेवायचा का?"

वनिताबाईंचा हात थांबला. "जेवायचा की. तांदळाची भाकर लागायची, चपाती नको. वाल केले की मागून घ्यायचा. बोलायचा, ताई, वाल बरे झालेत, पण आमच्या वहिनीच्या हाताला नाय."

"पावसाळ्यात खोकायचा का?"

"खोकायचा. मी काढा द्यायची." त्यांनी एकदा चेनकव्हरकडे बघितलं, एकदा पाटलांच्या टोपीकडे. "तुमी कोण त्याचे?"

"मी चौकशीला आलोय," पाटील म्हणाले.

वनिताबाईंनी पुढे काही विचारलं नाही. दोन ताटं मांडली. जेवताना त्या आपणहून बोलत राहिल्या. कंपनी बंद पडली तसा काळूदादा वापीकडे गेला. तिथला पत्ता त्यांच्याकडे नव्हता. सायकल नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना देऊन गेला. दिवाळीला सगळे कामगार गावाला जायचे, तेव्हाही हा एकटा इथेच जेवायचा. "मी एकदा विचारलं, दादा, गाव एवढं जवळ, का नाय जात? तर हसला. बोल्ला, आमच्या घरात माणसाची पिशवी तपासतात गो ताई."

पाटलांनी घास ताटात परत ठेवला.

बाईंनी सांगितलेली किंमत त्यांनी एक शब्द न काढता दिली. सायकल हातात धरून आम्ही स्टँडकडे चालायला लागलो. ऊन होतं, अंतर बरंच होतं. मी म्हटलं, "पाटील, तुम्ही बसून पुढे व्हा, मी येतो मागून."

"मला कुठं येते सायकल?" पाटील म्हणाले.

मी रस्त्यात थांबलो. ज्या सायकलसाठी हा माणूस एवढी वर्षं जिवाचं रान करत होता, ती त्याला चालवताही येत नव्हती.

"त्यालाच घेतलेली," ते म्हणाले. "आई गेली तेव्हा चड्डीत होता तो. मी नि हिने वाढवला. आयटीआय झाला, नोकरीला लागला, म्हणून घेतली. त्या भांडीवाल्याने बरोबरच लिवलं होतं. मीच सांगितलं होतं तसं लिव म्हणून. तो चुकला असं सगळ्यांना सांगत फिरतो तो मीच."

बाकीचं त्यांनी एस.टी.ची वाट बघताना सांगितलं. गावात एकाची पाण्याची मोटर चोरीला गेली होती. लोक चावडीवर जमले. घरोघर झडती घ्यायची ठरली. पाटील म्हणाले, सुरुवात पाटलाच्या घरापासून. कोणी तसं मागितलेलंही नव्हतं. त्यांनी धाकट्या भावाची ट्रंक आणि पिशवी सगळ्यांसमोर चावडीवर उपडी केली आणि एकेक वस्तू मोठ्याने पुकारली. शर्ट. आयटीआयचं सर्टिफिकेट. आणि तळाशी कागदात बांधलेलं एक लुगडं.

"पहिल्या पगाराचं. हिच्यासाठी घेतलेलं, दिवाळीला द्यायचं म्हणून लपवून ठेवलेलं. आणि मी पुकारतोय, लुगडं एक, हिरवं, नवं. पावती हाय का रे? लोकांसमोर विचारलं मी त्याला. पावती हाय का."

मोटर तिच्या मालकाच्याच सासुरवाडीला होती. त्यानेच नेऊन दिली होती आणि विसरला होता. पण हे कळेपर्यंत काळुराम सकाळीच सायकल घेऊन घर सोडून गेला होता. पाटलांनी पोलिसांत तक्रार दिली ती सायकलची. भाऊ गेला असं तोंडातून निघेना. सायकल सापडली की सायकलवाला सापडेल, एवढं सरळ गणित त्यांनी मांडलं होतं.

"जमादार दहा वेळा विचारत होता, संशय कोणावर, संशय कोणावर," पाटील म्हणाले. "ज्याच्यावर घ्यायचा नव्हता त्याच्यावर घेऊन बसलो होतो. आता आणखी कोणावर घेऊ?"

दोन वर्षं मी पाटलांची जी मजा बघत होतो तिचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

एस.टी. आली. सायकल टपावर चढवायची होती. कंडक्टरने खाली वाकून तिला जरा निरखलं आणि ओरडला, "ही कोणाची? मालक कोण हिचा?"

"मालक मागाहून येणार हाय," पाटील म्हणाले. "लगेजचं तिकीट द्या."

मंगळवारी ते नेहमीच्या वेळेला आले. मला वाटलं होतं, आता यायचे नाहीत. खिडकीजवळ बसले आणि म्हणाले, "शेठ, आता आपली जाहिरात लावा." मजकूर त्यांनी वाटेतच ठरवून आणला होता. मी लिहून घेतला. 'काळी सायकल सापडली आहे. चेनकव्हरवर नाव आहे. ज्याची त्याने घेऊन जावी. पावती लागणार नाही. पिशवी तपासली जाणार नाही. जेवून जावे.' खाली मोबाइलचा नंबर. मोबाइल त्यांनी कालच घेतला होता.

किंमत टाकल्याशिवाय ती वेबसाइट जाहिरात पुढे जाऊ देत नव्हती. मी विचारलं, काय टाकू?

"सप्रेम भेट टाका."

आकड्याशिवाय काही घेत नव्हती ती. मी शून्य टाकलं. पाटलांच्याच शिकवणीने बघितलं तर त्या वेबसाइटवर याच्याइतकी संशयास्पद जाहिरात दुसरी नव्हती.

फुकट सायकल म्हटल्यावर फोनची रीघ लागली. कल्याण, ठाणे, पनवेल, कुठून कुठून. पाटील फोन उचलत आणि सुरुवातीला काहीच बोलत नसत. पलीकडचा हॅलो हॅलो करत राही, आणि हे डोळे मिटून नुसता आवाज ऐकत. मग म्हणत, "नाय, तुमची नाय ती." आणि फोन ठेवायच्या आधी, "जेवलात का?"

जाहिरातीची मुदत संपली की ते येत आणि मी ती पुन्हा लावत असे. मजकूर बदलला नाही. मध्यंतरी एकदा शेणव्याच्या बाजूला काही काम निघालं तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर सायकल उभी होती, पुसलेली, चाकांत भरपूर हवा. काकी म्हणाल्या, हवा ते दर चार दिवसांनी भरतात, न चालवताच उतरते म्हणे. मी उंबऱ्यात उभा होतो. पाटलांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलंदेखील नाही. आतूनच म्हणाले, "या शेठ. आधी जेवा."